कॅल्शियम कार्बोनेटला ॲक्रिलिक ॲसिड लावायचंय? आधी मिक्सर थंड करा

प्लॅस्टिकमध्ये भरायच्या पावडरीला, म्हणजे फिलरला, स्टिअरिक ॲसिडचं कोटिंग आपल्याकडे सगळेच करतात. हायस्पीड मिक्सर ११० डिग्रीला न्यायचा, कॅल्शियम कार्बोनेट टाकायचं, वरून टक्काभर स्टिअरिक, दहा मिनिटं फिरवायचं आणि गोणीत भरायचं. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कुणी सांगितलं 'अरे ॲक्रिलिक ॲसिड लावून बघ, त्याने फिलर पॉलिमरला धरून राहतो', की माणूस तोच मिक्सर, तेच तापमान आणि तोच टक्का धरून कामाला लागतो, बदलतो फक्त कॅन.

मीही तेच केलेलं. दहा किलोची बॅच, शंभर ग्रॅम ॲसिड, मिक्सर ११०ला. ॲसिड आत गेलं आणि दहा सेकंदांत झाकणाच्या सीलमधून फुस्स करून पांढरी धूळ बाहेर, सोबत असा झणझणीत वास की मिरचीची फोडणी करपली तरी बरी. डोळ्यातून पाणी, घशात खवखव, आमचे मिक्सरवाले काका बटण दाबून सरळ बाहेर पळाले आणि बाहेरूनच ओरडले, "साहेब, ह्याला काय टाकलंत ओ?" आत बघितलं तर अर्धा माल साबुदाण्याच्या खिचडीसारखा गुठळ्या गुठळ्या आणि उरलेल्याला काहीच लागलेलं नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं त्या खिचडीतून शिकलेलं आहे.

आधी हे समजून घ्या की ॲक्रिलिकला दोन तोंडं आहेत. एका बाजूला ॲसिड, दुसऱ्या बाजूला डबल बाँड. ॲसिडची बाजू कार्बोनेटला चावते, कॅल्शियम ॲक्रिलेट बनतं, आणि कार्बन डायऑक्साइड आणि पाणी सुटतं. डबल बाँडची बाजू पुढे एक्स्ट्रूडरमध्ये (प्लॅस्टिक वितळवून त्यात फिलर मिसळणारं मशीन) पॉलिमरला चावायची असते, पण ती आपणहून चावत नाही, तिला पेरॉक्साइड लागतं, म्हणजे गरम झालं की फुटून रिॲक्शन सुरू करणारे तुकडे, रॅडिकल, सोडणारं रसायन. स्टिअरिकचं तसं नाही, त्याची अठरा कार्बनची लांब शेपटी असते, ती फिलरच्या कणाला तेलकट करते आणि कण एकमेकांना चिकटायचे थांबतात, बस. म्हणजे स्टिअरिक वंगण लावतं आणि ॲक्रिलिक गाठ मारतं. आणि दुसरी गाठ मारलीच नाही, म्हणजे पेरॉक्साइड वापरलंच नाही, तर ॲक्रिलिक म्हणजे शेपूट नसलेलं, महागडं आणि अंगावर आलं तर भाजणारं स्टिअरिक. नव्वद टक्के लोकांची ट्रायल इथेच फसते असं माझं मत.

कुठल्या फिलरला लागतं? ह्याची घरगुती टेस्ट आहे. चमचाभर फिलरवर व्हिनेगर ओता. फसफसलं तर ॲक्रिलिक नक्की चावणार, कारण ते व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडपेक्षा थोडं जास्तच स्ट्राँग आहे. कॅल्शियम कार्बोनेट लगेच फसफसतं, डोलोमाइट हळूहळू. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडला बुडबुडे येत नाहीत पण भरपूर व्हिनेगरमध्ये पांढरं दूध निवळत जातं, म्हणजे तिथेही रिॲक्शन आहे. टाल्क, सिलिका, बराइट, ह्यांना काही म्हणजे काही होत नाही. टाल्कला ॲक्रिलिक लावून पैसे घालवू नका, आणि सिलिकाला सायलेनच (सिलिकॉनवालं जोडणारं रसायन) लागतं, तिथे ॲसिडचं काम नाही.

आता डोस. 'किती टक्के' असं विचारू नका, 'किती स्क्वेअर मीटर' असं विचारा. सप्लायरला फोन केला की तो डी-५० (कणांची मधली साइज) सांगतो, दोन मायक्रॉन, पाच मायक्रॉन वगैरे, पण आपल्याला हवा असतो सरफेस एरिया (एका ग्रॅममधल्या कणांचा एकूण पृष्ठभाग), म्हणजे बीईटी. तो मागून घ्या, टाळाटाळ करतात पण देतात. हिशोब असा की फिलरच्या पृष्ठभागावर एकच थर बसवायचा. एक रेणू साधारण ०.२१ स्क्वेअर नॅनोमीटर जागा घेतो असं धरायचं, हा आकडा स्टिअरिकचा आहे पण सुरुवातीला ॲक्रिलिकलाही चालतो. समजा बीईटी आहे ३ स्क्वेअर मीटर पर ग्रॅम. तर स्टिअरिक लागतं जवळपास ०.६८ टक्के. ॲक्रिलिकचा रेणू खूप हलका, स्टिअरिकचं मॉलिक्युलर वेट २८४ आणि ह्याचं ७२, म्हणून त्याच जागेला ॲक्रिलिक लागतं फक्त ०.१७ टक्के. परत वाचा, ०.१७. शंभर किलोला १७० ग्रॅम. मी टाकलेलं एक टक्का म्हणजे जवळजवळ सहापट, आणि जादाचं ॲसिड थर बसल्यावर थांबत नाही, ते कार्बोनेट खातच राहतं. माझ्या त्या शंभर ग्रॅममधून सतरा लिटर गॅस निघाला असणार, तोसुद्धा रूम टेम्परेचरला मोजला तर. ११० डिग्रीला अजून फुगलेला. झाकण उडालं नाही हे नशीब.

प्रेसिपिटेटेड (दळून नाही, रासायनिक रीतीने बनवलेला) बारीक माल असेल, बीईटी २० वगैरे, तर त्याच हिशोबाने १.१ टक्का लागेल. म्हणून दुसऱ्याच्या रेसिपीतला टक्का उचलून आपल्या फिलरला लावायचा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कॅन. ॲक्रिलिक ॲसिड १३-१४ डिग्रीला गोठतं. पुण्या-नाशकात डिसेंबर-जानेवारीत पत्र्याच्या शेडमध्ये रात्री हे सहज होतं. सकाळी बघतो तर कॅनमध्ये बर्फ, आणि कुणीतरी उत्साही माणूस तो हीटरजवळ नेऊन ठेवतो. हे कधीही करायचं नाही. ॲसिडमध्ये स्वतःहून पॉलिमर होऊ नये म्हणून इनहिबिटर घातलेला असतो, साधारण २०० पीपीएम एमईएचक्यू. गोठताना क्रिस्टल जवळपास शुद्ध ॲसिडचे बनतात आणि इनहिबिटर उरलेल्या पातळ भागात राहतो. आता एका बाजूने गरम केलं की बिन-इनहिबिटरचा भाग वितळून तापतो आणि पेटल्यासारखा पॉलिमराइझ व्हायला लागतो, त्यातून अजून उष्णता, त्यातून अजून पॉलिमर. २९ सप्टेंबर २०१२ला जपानमध्ये हिमेजीला ॲक्रिलिक ॲसिडच्या मोठ्या टाकीचा स्फोट झाला, तिथे गोठण्याचा प्रश्न नव्हता, टाकीतलं वरचं गरम ॲसिड नीट फिरत नव्हतं, आतल्या आत उष्णता साठत गेली. एक अग्निशमन जवान गेला आणि तीसच्या वर लोक जखमी झाले. आपला कॅन पाच लिटरचा असला तरी केमिस्ट्री तीच आहे.

गोठलंच तर कॅन कोमट पाण्याच्या टबात, पाणी ३५च्या आत, झाकण सैल, मधूनमधून हलवत पूर्ण वितळू द्यायचं आणि अर्धवट वितळलेल्यातून कधी काढून घ्यायचं नाही. स्टोअर १५ ते २५ डिग्री. आणि एक उलटी गोष्ट, आपल्याला सवय असते की सेफ्टी म्हणजे नायट्रोजन मारा. इथे नाही. एमईएचक्यूला काम करायला विरघळलेला ऑक्सिजन लागतो, नायट्रोजन मारला की इनहिबिटर असून नसल्यासारखा. कॅन काठोकाठ पण भरून ठेवू नका, वर हवा राहू द्या.

हातमोजे ब्युटाइल रबरचे, ते पातळ निळे नायट्राइल फार वेळ टिकत नाहीत. डोळ्यांना गॉगल, समोर फेसशील्ड, आणि आयवॉश जवळ आहे ना आणि त्याला पाणी येतंय ना हे त्या दिवशी सकाळी स्वतः नळ उघडून बघा. हवेत दिवसभराची मर्यादा २ पीपीएम धरतात, म्हणजे एक्झॉस्टशिवाय काम नाहीच. पूर्वी हा माल बहुतेक बाहेरूनच यायचा, २०२१ मध्ये कोचीला भारत पेट्रोलियमचा प्लांट सुरू झाल्यापासून देशात बनतो, त्यामुळे छोट्या कॅनमध्ये मिळणं सोपं झालंय, आणि नेमकी त्याचीच मला भीती वाटते.

तर आता बॅच. पहिली दोन किलोचीच करा, जास्त नाही. फिलर १०५-११०ला ओव्हनमध्ये सुकवून घ्या म्हणजे मुळातला मॉइश्चर किती हे हातात राहील, मग खोलीच्या तापमानाला येऊ द्या. बीईटी ३ असेल तर ॲसिड लागेल ३.४ ग्रॅम. एवढंसं दोन किलोवर सारखं कसं पसरणार? म्हणून ते २० ग्रॅम पाण्यात मिसळायचं (पाण्यात ॲसिड, उलटं नाही). पाण्याचे तीन फायदे, ड्रॉप बारीक होतात, पेट घ्यायची भीती कमी होते, आणि कोरड्या कार्बोनेटवर रिॲक्शन जरा रेंगाळते ती ओलाव्याने पटकन होते. स्पिरिटमध्ये मिसळायचं काही जण सांगतात, मिक्सरच्या मोटरशेजारी मला तरी ते नको.

मिक्सर ४० डिग्रीच्या आत. ह्याचं कारण ॲसिडचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटू शकते) पन्नासच्या आसपास आहे. व्हेंट उघडा, एक्झॉस्टला जोडलेला. मध्यम स्पीडला फिलर फिरत असताना स्प्रेने हळूहळू सोडा, आठ-दहा मिनिटं घ्या, घाई केली की जिथे थेंब पडला तिथेच गुठळी. ३.४ ग्रॅममधून गॅस निघतो अर्धा-पाऊण लिटर, तो निवांत निघून जातो, कळतही नाही. सगळं संपलं की अजून दहा मिनिटं फिरवा, मध्ये एकदा थांबवून भिंतीला आणि ब्लेडखाली चिकटलेलं खरवडून परत आत टाका, कारण गुठळीची सुरुवात नेहमी ब्लेडखालीच होते. मग ट्रेमध्ये पातळ पसरून ८० डिग्रीला हवेच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत. १२०-१३०ला टाकून लवकर उरकायचा मोह होतो, नका करू, आपल्याला डबल बाँड पुढे जिवंत हवाय.

कोटिंग बसलं का हे बघायला सगळे काय करतात, ग्लासभर पाण्यात चिमूट टाकतात. तरंगलं तर पास. स्टिअरिकला ही टेस्ट एकदम बरोबर, पण ॲक्रिलिकला ती साफ फसवते! ॲक्रिलिकला तेलकट शेपूट नाही आणि कॅल्शियम ॲक्रिलेट तर चक्क पाण्यात विरघळतं. म्हणजे चांगलं कोटिंग झालेला मालसुद्धा बुडतो. मी ह्याच टेस्टवर एक चांगला लॉट नापास करून टाकला होता, नंतर कळलं.

त्यापेक्षा हे करा. दहा ग्रॅम कोटेड फिलर, पन्नास मिली इथेनॉल, बाटलीत अर्धा तास हलवा, गाळा, गाळलेल्यात दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन आणि ०.०१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करा. आपल्या डोसला सगळं ॲसिड मोकळंच राहिलं असतं तर साधारण २४ मिली कॉस्टिक लागलं असतं. नुसत्या इथेनॉलला लागणारं कॉस्टिक (ब्लँक) वजा करून एक-दोन मिलीत गुलाबी झालं तर ॲसिड फिलरला चावलंय. दहा-बारा मिली लागलं तर निम्मं नुसतंच वर बसलंय, आणि ते पुढे एक्स्ट्रूडरमध्ये वाफ होऊन डायपाशी (जिथून वितळलेला माल बाहेर येतो) उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाणार आहे, शिवाय स्क्रू-बॅरलला गंज ते वेगळंच. जवळच्या कॉलेजात एफटीआयआर (इन्फ्रारेडने रेणूतले बाँड ओळखणारं यंत्र) असेल तर १७००च्या आसपासचा मोकळ्या ॲसिडचा पीक गेला आणि १५५०च्या आसपास सॉल्टचा आला का बघता येतं, पण ०.१७ टक्क्याला पीक शोधायला भिंग लागेल आणि शेजारचा कार्बोनेटचा ढोल्या पीक सगळं झाकतो. बारीक, जास्त सरफेसच्या मालावर बरं दिसतं.

आता दुसरी गाठ, पेरॉक्साइड. पीपीसाठी (पॉलिप्रॉपिलीन) डायक्युमिल पेरॉक्साइड घेतात, किंवा एमएफआय (वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) वाढवायला जे लिक्विड पेरॉक्साइड वापरतात ते. मी सुरुवात शंभर किलो पीपीला दहा ग्रॅमपासून करतो आणि पन्नासच्या वर जात नाही. ते पीपी पावडरवर थंडच मिसळून वेगळ्या फीडरने द्यायचं, फिलरसोबत गरम मिक्सरमध्ये अजिबात नाही. इथे एक गोम आहे. रेडीमेड दाण्यात अँटिऑक्सिडंट असतं आणि त्याचं कामच रॅडिकल गिळायचं, त्यामुळे तुमचं पेरॉक्साइड तेच खाऊन टाकतं. म्हणून शक्यतो कमी स्टॅबिलायझरची पावडर घ्या आणि अँटिऑक्सिडंट साइड फीडरने नंतर द्या, विसरू मात्र नका, नाहीतर दाणा सहा महिन्यांत खडूसारखा तुटेल. व्हॅक्यूम व्हेंट चालू. डायपाशी गोडसर बदामी-फुलासारखा वास आला तर तो ॲसिटोफिनोन, डायक्युमिल फुटल्याची खूण, घाबरू नका. झणझणीत वास आला तर घाबरा.

आणि पेरॉक्साइड पीपीची साखळी तोडतं. पीई (पॉलिइथिलीन) असेल तर उलट, तिथे क्रॉसलिंक होतं, म्हणजे साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून पीपीत ॲक्रिलिक फिलर आणि पेरॉक्साइड टाकलं, एमएफआय वाढला, आणि 'बघा डिस्पर्शन सुधारलं' असं रिपोर्टात लिहिलं, हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. डिस्पर्शन (फिलर सारखा पसरणं) नाही, तुमची पीपी तुटलीय. हे ओळखायचं तर ट्रायल एकटी करायची नाही. एकाच दिवशी, एकाच मशीनवर, ४० टक्के फिलरचे निदान पाच माल काढा: बिनकोटेड, स्टिअरिक कोटेड, ॲक्रिलिक बिनपेरॉक्साइड, ॲक्रिलिक पेरॉक्साइडसकट, आणि बिनकोटेड पेरॉक्साइडसकट. हा पाचवा कोणीच काढत नाही, आणि खरं उत्तर त्याच्यातच असतं. चौथा आणि पाचवा ह्यांच्यात फरकच नसेल तर ॲक्रिलिकने काही केलेलं नाही, जे झालं ते पेरॉक्साइडने.

बघायचं काय? टेन्साइलमधली (ताणून बघायच्या टेस्टमधली) यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे ज्या ताणाला माल कायमचा ताणला जायला लागतो तो. मॉड्युलस (ताठपणा) बघून काही कळत नाही, तो फिलर घातला की वाढतोच, कोटिंग असो नसो. स्टिअरिकवाल्याची यील्ड बिनकोटेडपेक्षा थोडी खालीच येते, कारण ताण आला की कण सहज सुटतो, पण त्यानेच इम्पॅक्ट (आदळल्यावर टिकणं) आणि इलाँगेशन (तुटेपर्यंत किती लांबतो) बरं राहतं. गाठ बसलेल्या मालात यील्ड वर जाते आणि इलाँगेशन बहुतेक वेळा पडतं. इथे कस्टमरला काय हवंय ते आधी विचारा. त्याला पडल्यावर न फुटणारी बादली हवी असेल तर तुम्ही एवढा खटाटोप करून त्याला वाईट माल द्याल. स्टिअरिक द्या आणि घरी जा. लोड घेणारा, गरम जागी वाकू नये असा ब्रॅकेट वगैरे असेल तर ह्याला अर्थ आहे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड ६० टक्के भरलेल्या केबल कंपाउंडमध्येपण आहे, तिथे फिलरच इतका असतो की धरून ठेवणारं काहीतरी लागतंच, जरी तिथे चलन विनाइल सायलेनचंच जास्त आहे.

आणि खरं सांगायचं तर रोजच्या प्रॉडक्शनला मी मोकळं ॲसिड शेडमध्ये आणत नाही. ॲक्रिलिक ॲसिड आधीच ग्राफ्ट केलेली (साखळीला जोडलेली) पीपी दाण्यात मिळते, किंवा मॅलिइक ॲनहायड्राइडवाली, ती दोन-तीन टक्के टाकली की गाठ पलीकडच्या बाजूने बसते, पॉलिमरला ॲसिड आधीच लागलेलं असतं आणि ते फिलरला येऊन चावतं. वास नाही, कॅन नाही, हिवाळ्यात गोठायचं टेन्शन नाही. महाग पडते हे खरं. पण दोन किलोची मोकळ्या ॲसिडची ट्रायल करून 'गाठ बसल्यावर आपल्या ग्रेडला नक्की किती फायदा होतो' हे एकदा कळलं की त्या महाग दाण्याला किती पैसे मोजायचे हे ठरवता येतं.

कोटेड माल उरला तर डबल लायनरच्या पिशवीत, तोंड सील करून, वर तारीख, बीईटी आणि टायट्रेशनचा आकडा लिहून ठेवा. पावसाळ्यात उघडा ठेवलात तर ओलावा ओढतो आणि ट्विन स्क्रू एक्स्ट्रूडरच्या हॉपरमध्ये ब्रिजिंग करून (कमान धरून अडकून) बसतो, मग रात्रपाळीला कुणीतरी काठीने हॉपर ठोकत उभा.